कोरड्या खोलीतली बुरशी

प्रेमलालकाका दुकानाची पायरी चढले तेव्हा धर्मेंद्र एका कॉलेजच्या पोरीच्या फोनला काच लावत होता. आत हवा राहू नये म्हणून श्वास रोखून, अंगठ्यानं हळूहळू दाबत ती काच बसवावी लागते. काठीचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्यानं मान वर केली आणि काचेखाली चांगला हरभऱ्याएवढा फुगा राहून गेला.

"कर, कर. हातचं काम पुरं कर," असं म्हणून काका स्टुलावर टेकले.

धर्मेंद्र काकांना चुकवायचा. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. बाजारात ते लांबून दिसले तर तो गल्ली बदलायचा, आणि गल्ली बदलली म्हणून दिवसभर स्वतःवरच चिडायचा. आज मात्र बदलायला गल्ली नव्हती. पुढे काउंटर होता आणि मागे भिंत.

काकांनी पिशवीतून पत्रिका काढली. "नातीचं लगन हाय. वारासिवनीले, घरीच. सोमवारी हळद, मंगळवारी लगन. बायको-पोरीले घेऊन ये."

"हौ काका, येतो ना."

"आन् हे." त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "यात पुष्पलताची गाणी हायेत. तुह्याच दुकानातून भरलेली. नात म्हणते, आजीचं गाणं हळदीले वाजलंच पाहिजे. परवा तिनं लावलं, तं मधामधात तू. बुढी दोन ओळी म्हणते, का तू वरडते, 'धर्मेंद्र मोबाईल!' मंग बुढी, मंग तू. जसा काही तुमचा जोडीनं प्रोग्राम हाय."

कॉलेजची पोरगी खुदकन हसली. काकाही हसले. धर्मेंद्रनं फोन पुसायला फडकं घेतलं.

"माहा पोरगा राकेश सांगत होता, आता कंप्यूटर काहीबी करते. एका आवाजातून दुसरा आवाज येगळा काढते म्हणे. तुह्यानं होते का पाह्य."

"पाहतो काका."

"नाही जमलं तं राहू दे, बाबू. तुले काय म्हणू मी? चूक माही होती."

ते उठले, काठी टेकत पायरी उतरले. पोरीनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "भैया, इसमें तो हवा रह गई."

*

बालाघाटच्या याच बस स्टँडसमोर, धर्मेंद्रच्या दुकानापासून चार दुकानं सोडून, एके काळी 'पुष्पलता म्युझिक सेंटर' होतं. दुकान कसलं, बोळच होता तो. तिन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत कॅसेटी आणि मध्ये प्रेमलालकाका. लग्नसराईत कटंगीपासून बिरसापर्यंतची माणसं तिथे यायची. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं. काका ती चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "हे रडतं गाणं झाल्याबरोबर हे नाचतं काहून लावता? मधात थोडी जागा ठेवा ना." मग स्वतःच क्रम बदलून ती यादी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. दोन दिवसांनी या म्हणाले की दोन दिवसांनी कॅसेट तयार असायची.

धर्मेंद्र तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा. संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. काकांचा तो नोकर नव्हता, आणि फारसं काही विकत घेत नव्हता म्हणून गिऱ्हाईकही नव्हता. पण काकांना शिकवण्याची हौस. दहादा विचारलं तर दहादा सांगायचे, तेही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. आवाज किती चढवायचा, पट्टी गुंतली तर पेन्सिलीनं कशी फिरवायची, डोळे मिटून गाण्यातली वाद्यं कशी मोजायची, सगळं धर्मेंद्र त्यांच्याकडेच शिकला.

दुकानातल्या सगळ्या मालात काकांचा जीव होता तो अकरा कॅसेटींत. त्यांत त्यांच्या बायकोनं, पुष्पलताकाकूंनी म्हटलेली लग्नाची गाणी होती. वारासिवनीच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे पंखा बंद करून, दारावर गोधड्या टांगून, बकरी शेजाऱ्याकडे नेऊन बांधून काकांनी ती गाणी भरली होती. ओळ काकू एकट्या म्हणायच्या, बाकीच्या बाया फक्त शेवटचं पद झेलायच्या. त्या अकरांवरून काका शेकडो कॅसेटी तयार करून विकत, पण मूळ अकरा घरी त्याच मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवत.

ज्यांनी कॅसेट हाताळली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर कुणाला दुसरं काही भरता येत नाही, आहे ते जपलं जातं. काकांनी अकराही कॅसेटींचे तुकडे मोडून ठेवले होते. मात्र त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि पुन्हा भरू देतं. हेही धर्मेंद्रला काकांनीच शिकवलं होतं.

मग मोबाईल आले, आणि मोबाईलमध्ये घालायच्या नखाएवढ्या चिपा आल्या. धर्मेंद्रनं उधार-उसनवारीनं एक कंप्यूटर घेतला आणि दुकान टाकलं. बाहेर पाटी लावली, 'यहाँ गाने डाउनलोड किए जाते हैं'. वीस रुपयांत चिप गच्च भरून मिळायची. काकांच्या दुकानात वीस रुपयांत अर्धी कॅसेट यायची नाही. यादी कुणी आणेना. "नवे वाले डाल दो" एवढंच लोक म्हणत, आणि धर्मेंद्र पाचशे गाणी एका दमात ओतून द्यायचा. वर्षभरात काकांच्या दुकानात माशा उडू लागल्या. दिवाळीनंतर त्यांनी शटर ओढलं ते कायमचं.

शेजारपाजारच्यांना वाटलं, आता म्हातारा या पोराचं नाव घेणार नाही. पण शटर ओढल्यावर चौथ्या दिवशी काका त्या अकरा कॅसेटी पिशवीत घालून स्वतः धर्मेंद्रकडे आले. म्हणाले, "तुह्यावर राग काहाचा? आज ना उद्या हे होणारच होतं. फक्त एवढ्या कंप्यूटरमंधी भरून दे. पट्टी किती दिवस टिकन? काम झालं का कॅसेटी वापस दे, काकूले लागते."

धर्मेंद्रनं त्या मनापासून भरल्या. हे खरं आहे. पण त्या दिवसांत एका दुकानातली गाणी दुसरं दुकान पळवायचं, म्हणून जो तो गाण्याच्या मध्ये आपलं नाव घालायचा. धर्मेंद्रनंही घातलं. प्रत्येक अर्ध्या मिनिटाला त्याचाच दणदणीत आवाज, "धर्मेंद्र मोबाईल, बस स्टँड के सामने, बालाघाट!" एकेका गाण्यात कोण घालत बसणार, म्हणून त्यानं सगळ्या फोल्डरवर एकदाच हुकूम सोडला. कोरी, स्वच्छ प्रत वेगळी ठेवायची राहून गेली. ती राहून गेली आहे हेही त्याला कळलं नाही.

जानेवारीत पंचायतीच्या निवडणुका लागल्या. एका उमेदवाराची माणसं दुपारी दुकानात आली. गावोगाव फिरणाऱ्या अकरा ऑटोंवर कर्णे बांधलेले, त्यांतले टेप जुने, त्यांना कॅसेटच लागायची. प्रचार भरून संध्याकाळपर्यंत अकरा कॅसेटी पाहिजेत म्हणाले. धर्मेंद्र सगळं बालाघाट फिरला. कोरी कॅसेट कुठेच नव्हती. ती फक्त काकांकडे मिळायची, आणि काकांचं दुकान बंद पडलं होतं. आपल्यामुळे बंद पडलं होतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो झटकून टाकला. गाणी तर कंप्यूटरमध्ये आहेतच, असं म्हणत त्यानं चिकटपट्टीचे बावीस तुकडे कापले.

कॅसेटी देऊन झाल्यावर त्यानं कंप्यूटर उघडून पाहिलं, तेव्हा काकूंच्या प्रत्येक गाण्यात तो स्वतः ओरडत होता.

महिनाभरानं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, त्याइले बुरशी लागली होती. पट्टी चिकटून तुटली. मी फेकून देल्या."

काकांनी बरोबर आणलेली रिकामी पिशवी हातावर गुंडाळली. मग म्हणाले, "माह्याच घरची ओल. मागच्या खोलीत ठेवाले नोको होत्या मी."

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. तो बोलला गेला नाही, आणि नंतर दरवर्षी तो जास्त जड होत गेला.

*

तीन दिवस धर्मेंद्र दुपारी शटर अर्धं ओढून कंप्यूटरसमोर बसला. आता डाउनलोडलाही कुणी येत नाही, सगळं ज्याच्या त्याच्या फोनवर फुकट वाजतं. काचा, कव्हरं आणि आधारकार्डाच्या झेरॉक्सा यांच्यावर त्याचं दुकान चालायचं. वेळ होता. नवं सॉफ्टवेअर होतं. त्याची अकरा वर्षांची मुलगी अंजू, शाळेला सुट्टी म्हणून, शेजारी गुडघे दुमडून बसली होती.

हळदीचं गाणं. काकू सुरुवात करायच्या तेव्हा आवाज थोडा दबलेला, जणू पाटाजवळ बसून नवरीच्या कानात सांगताहेत. मग तो वर चढायचा आणि चढता चढता, नेमका तिथे, 'धर्मेंद्र मोबाईल'. त्यानं सॉफ्टवेअरला सांगितलं, पुरुषाचा आवाज काढ. पुरुषाचा आवाज गेला, पण त्याच्याबरोबर खालचा बाईचाही गेला. उरलं ते पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चोवीस वर्षांचा, उत्साहानं फुटणारा आपलाच आवाज त्यानं शंभरदा ऐकला. त्याला त्या पोराच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"पापा, आप इतना चिल्ला क्यों रहे थे?" अंजूनं विचारलं.

"दुकान की मशहूरी थी, बेटा."

"दादी गा रही है और बीच में मशहूरी?" तिला त्यात काही चुकीचं म्हणायचं नव्हतं, ती फक्त समजून घेत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "ओरिजिनल कहाँ है?"

"कॅसेट मंधी होतं. त्याइले बुरशी लागली."

हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज आलं की तोच दचकला.

अंजूनं फोन काढला. दोन मिनिटांत तिनं एक व्हिडिओ त्याच्यापुढे धरला. कुणी एक माणूस बुरशी लागलेली कॅसेट उघडून, कापसानं पट्टी पुसून, ती पुन्हा वाजवून दाखवत होता. "देखो, साफ हो जाती है! दादाजी से पूछो ना, कहाँ रखी हैं."

"फेकली ती."

"किसने?"

धर्मेंद्रनं गाणं पुन्हा मागे नेलं.

"और जो बेची थीं, वो? किसी के घर तो होगी."

"त्या झिजल्या. लोकाइनं पट्ट्या काढून धानाच्या बांधीवर बांधल्या. वाऱ्यानं फडफडते, पाखरं पळते." हे मात्र खरं होतं. काकांनी आठ-दहा गावं पालथी घातली होती हेही त्याला ठाऊक होतं. कटंगीच्या बाजारात ते एकेका जुन्या गिऱ्हाइकाला थांबवून विचारत होते, ते त्यानं गल्लीच्या तोंडातून पाहिलं होतं.

अंजू हिरमुसली. मग एकदम म्हणाली, "पर किसने फेंकी, पता चल जाए तो मैं पूछूँगी उससे. एक बार साफ करके देख तो लेता."

धर्मेंद्र उठला, कारण नसताना काउंटर पुसू लागला.

*

रविवारी दुपारी तो वारासिवनीला गेला. अंगणात मांडव पडला होता. राकेशची बायको गीता आत चुलीपाशी परातीत हळकुंडं निवडत होती. काका ओसरीवर खाटेवर बसले होते. धर्मेंद्रनं फोनवर गाणं लावलं. तीन दिवसांच्या कामानंतर त्याचं नाव गेलं होतं, पण नाव होतं तिथे तिथे भोकं पडली होती. काकू दोन ओळी म्हणत आणि मध्येच कुणीतरी गळा दाबल्यासारखा आवाज नाहीसा होई.

काकांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "राहू दे. हळदीत हे लावलं तं बाया म्हणतीन, बुढी मरतानी म्हणत होती का काय."

"काका, मी..."

"तुनं मेहनत केली, दिसते. गीता, च्या ठेव वं. धर्मेंदर आला." आणि मग, कुणी विचारलं नसताना, सहज बोलावं तसं ते बोलत राहिले. "तुले माहीत नसन. बुरशीचं समजलं ना, तं पुष्पलता चार महिने माह्याशी धड बोलली नाही. जेवाले वाढे, पाणी दे, पण बोले नाही. मी त्या खोलीची फरशी उखडली. हातभर मुरूम टाकून नवी केली. छपराचे कवेलू बदलले. मंग तिले हात धरून नेलं, म्हटलं पाह्य, आता कोरडी हाय. तं म्हणे, आता कोरडी होऊन काय करू?"

गीता आतून म्हणाली, "बाबूजी अजूनबी त्या खोलीत काही ठेवू देत नाहीत. लग्नाचे गहू आम्ही पलंगाखाली ठेवले."

"ठेवू नोको म्हणजे नोको," काका म्हणाले. "आन् तिच्या बहिणी! कमला तं दर लग्नात ऐकवते. 'भाऊजीनं माह्या बहिणीचा गळा बुरशीले चारला.' उद्याबी ऐकवन पाह्यजो. ऐकतो मी. ऐकलंच पाहिजे. बाईचं एवढं एकच होतं माह्यापाशी, ते सांभाळता नाही आलं."

धर्मेंद्रला अंजूचा प्रश्न आठवला नाही, की काकांचे उपकार आठवले नाहीत. त्याला फक्त एवढंच दिसलं की समोर एक म्हातारा बसला आहे आणि आपण त्याच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं तो इमानदारीनं वाहतो आहे.

"काका, बुरशी नव्हती लागली."

"काय?"

"कॅसेटी चांगल्या होत्या. एकदम चांगल्या. मी त्यावर निवडणुकीचा प्रचार भरला. कोऱ्या कोठीच भेटल्या नाहीत, आन् मले वाटलं कंप्यूटरमंधी हायेत गाणी. चिकटपट्टी लावून भरला. मंग पाह्यलं तं... मंग तुमाले खोटं सांगितलं."

आत गीताच्या हातातलं हळकुंड परातीत पडल्याचा आवाज आला. 

काका त्याच्याकडे पाहत होते. रागावलेले दिसत नव्हते. मोठ्या माणसाला एखादी साधी गोष्ट समजू नये आणि त्यानं ती पुन्हा पुन्हा लावून पाहावी, तसे ते पाहत होते.

"ओल नव्हती?"

"नाही."

"खोली कोरडी होती?"

"हौ काका."

"कोरडी होती," काका स्वतःशीच म्हणाले. "मी तिले सांगितलं, माही चूक. ते गेली तवाबी तेच घेऊन गेली." त्यांचा हात खाटेच्या सुंभावरून पुढे-मागे फिरत राहिला. मग ते मोठ्यानं म्हणाले, "गीता, च्या नोको करू."

त्या घरून चहा न घेता कुणी उठलेलं धर्मेंद्रनं पाहिलं नव्हतं. तो उठला. पाया पडायला वाकला तर काकांनी पाय मागे घेतले.

"उद्या ये," ते म्हणाले. "हळदीले. सगळ्या बाया येतीन. हे मले सांगितलं ते त्याइले सांग. कमलाले सांग. मी सांगितलं तं म्हणतीन, बुढा आपली चूक दुसऱ्यावर ढकलून राह्यला."

*

सोमवारी तो अंजूला घेऊन गेला. तिला आणायचं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी त्यानं तिला आधी सांगून टाकलं होतं, आणि ती म्हणाली होती, "मैं भी चलूँगी. आप फिर से गलत बोल दोगे तो?"

नवरीला पाटावर बसवलं होतं. भोवती पंधरा-वीस बाया. मांडवाच्या बाहेर डीजेवाला आपली वायर जोडत होता. काका खाटेवर तसेच बसले होते. त्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं नाही, फक्त काठीनं खाटेचा पाय ठोकला आणि म्हणाले, "कमला, हा पोरगा काही सांगते, ऐक."

कमलाबाई म्हणजे पुष्पलताकाकूंची धाकटी बहीण; थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. साठी ओलांडलेली, ठुसकी, हातात हळदीची वाटी. "कोण गा तू?"

"मी धर्मेंद्र. बालाघाटचा. मोबाईलवाला."

"अगं बाई! हा का तो? आमच्या बाईच्या गाण्यात भुंकते तो?"

बाया हसल्या. धर्मेंद्रनं सांगितलं. पहिल्यांदा मागच्या बायांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. कॅसेटी चांगल्या होत्या. खोली कोरडी होती. मी प्रचार भरला. मी खोटं बोललो. काकांचा काही दोष नव्हता. बोलताना तो जमिनीवरच्या शेणसड्याकडे पाहत होता. संपलं तरी वर पाहायचं धाडस होईना.

 नवरीच्या गालावरची हळद वाळत होती.

मग कमलाबाई म्हणाली, "भाऊजी, आम्ही तुमाले चौदा वर्षं नाही नाही ते बोललो." तिनं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "आता याले सोडू का?"

त्या भागात लग्नात बाया गाळ्या म्हणतात. गाळ्या म्हणजे टोमण्यांची गाणी. व्याह्याला, त्याच्या मिशीला, त्याच्या पोटाला, कुणालाही त्या सोडत नाहीत, आणि ज्याच्यावर म्हटली त्यानं उठून जायचं नसतं. कमलाबाईनं टाळी धरली आणि तिथल्या तिथे गाणं जुळवलं.

"कोरड्या खोलीत बुरशी आली,
बुरशी कोठून आली वं बाई?
बालाघाटच्या धर्मेंदरच्या
जिभेवरून आली वं बाई!"

शेवटचं पद बायांनी असं झेललं की डीजेवाला वायर हातात धरून आत डोकावला. दुसरं कडवं दुसरीनं जोडलं, तिसरं तिसरीनं. कुणी गाण्यात त्याला त्याच्याच काउंटरवर बसवलं, कुणी ऑटोच्या कर्ण्यात कोंबलं. पोरं-सोरं लोळण घेऊ लागली. नवरी ओठ दाबून बसली होती, तिलाही हसू फुटलं. धर्मेंद्र मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं, माराची भीती संपल्यावर वाटतं तसं. पण हसणाऱ्या बायांच्या पलीकडे काका बसले होते आणि ते हसत नव्हते. अंजू बायांच्या घोळक्यात बसली होती. तीही हसत नव्हती.

कमलाबाईचंही लक्ष खाटेकडे गेलं. तिनं टाळी थांबवली. "बस झालं वं. आता बाईचं म्हणू."

तिनं हळदीचं गाणं धरलं. आवाज काकूंसारखा नव्हता, जाडा होता, पण सुरुवात तशीच दबकी होती. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात आवाज वर चढायला लागला, चढला, आणि थांबला.

"पुढं काय होतं वं?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांनी जन्मभर फक्त शेवटचं पद झेललं होतं. ओळ त्यांची नव्हतीच. कमलाबाईनं पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. तिनं काकांकडे पाहिलं. काकांचे ओठ हलले, पण त्यांनीही नाही म्हणून मान हलवली. इतकी वर्षं त्या पेनड्राइव्हवर त्यांनी तरी काय ऐकलं होतं?

"धर्मेंदर," कमलाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुनं तं तीन दिवस तेच ऐकलं म्हणते. सांग ना. काय म्हणे बाई तथी?"

सगळा मांडव त्याच्याकडे पाहत होता. अंजू पाहत होती. गाणं त्याला पाठ होतं, श्वास कुठे घेतला तेसुद्धा. त्या जागेपर्यंत तो मनातल्या मनात गेला, काकूंच्या आवाजाबरोबर वर चढला, आणि तिथे त्याला फक्त स्वतःचं नाव ऐकू आलं.

"माहीत नाही, मावशी," तो म्हणाला.

 कमलाबाईनं नवरीच्या हळद वाळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि मनानंच एक ओळ जोडून गाणं पुढं नेलं. बायांनी पद झेललं.

"असं नव्हतं ते," काका खाटेवरून म्हणाले.

"नसन, भाऊजी," कमलाबाई गातागाताच म्हणाली. "आता हेच म्हणावं लागन."

काकांनी मान खाली घातली. अंजू बायांबरोबर ती नवी ओळ म्हणू लागली. धर्मेंद्र खांब धरून तसाच उभा होता. पदाच्या वेळी त्यानं तोंड उघडलं, पण ती ओळ आली की तो दर खेपेला गप्प व्हायचा.